खुर्चीच्या पाठीवरची आई

दिग्दर्शकाच्या घडीच्या खुर्चीला कापडी पाठ असते आणि तिच्यावर त्याचं नाव. आयडा लुपिनोच्या खुर्चीवर मात्र ‘मदर ऑफ अस ऑल’ अशी अक्षरं होती. आम्हा सगळ्यांची आई!

बाई जन्मानं लंडनची, 1918 सालची. वडील स्टॅन्ली लुपिनो विनोदी नट, घराणंच रंगभूमीवरचं. विशीच्या आत ती हॉलिवूडला पोचली. वॉर्नर ब्रदर्सशी करार होता, पण न पटलेली भूमिका ती सरळ नाकारायची. मग स्टुडिओ तिला बिनपगारी घरी बसवायचा. त्या सक्तीच्या रजेत तिनं दिग्दर्शनाचं काम बघून घेतलं. 1949 मध्ये तिच्याच निर्मितीतल्या ‘नॉट वाँटेड’च्या दिग्दर्शकाला, एल्मर क्लिफ्टनला, हृदयविकाराचा झटका आला. चित्रपट तिनं पुरा केला, श्रेय क्लिफ्टनच्याच नावे राहू दिलं. पुढं स्वतःच्या कंपनीत ‘द हिच-हायकर’सारखे थोड्या पैशांतले चित्रपट काढले. कंपनी बुडाली आणि 1956 पासून ती टेलिव्हिजनकडे वळली.

खुर्चीवरच्या त्या अक्षरांचं मूळ सेटवर आहे. कॅमेरामन, विजेवाले, सुतार, सगळे पुरुष. बाईनं हुकूम सोडला की त्यांच्या कपाळाला आठी पडणार. म्हणून ती हुकूम सोडतच नसे. आईपुढं एक अडचण उभी राहिलीय, कॅमेरा तिकडून लावला तर जमेल का, असं लाडीगोडीनं विचारायची. कॅमेरा हवा तिथंच लागायचा. ही युक्ती तिनं 1967 मध्ये एका लेखात स्वतःच सांगितली. कुणाला यात नमतं घेणं दिसेल. मला तर हा पक्का धंदेवाईक हिशेब वाटतो. मालिकेचा भाग मोजक्या दिवसांत उरकायचा असतो, रुसव्याफुगव्यांना वेळ कुठला?

कामं तरी कसली मिळाली? ‘हॅव गन, विल ट्रॅव्हल’, ‘द अनटचेबल्स’, ‘द फ्युजिटिव्ह’. बंदुका, गुंड, पाठलाग. आईच्या वाट्याला मारामाऱ्या!

‘द ट्वायलाइट झोन’मध्ये तिनं 1959 मध्ये अभिनय केला होता. 1964 मध्ये त्याच मालिकेतला ‘द मास्क्स’ तिनं दिग्दर्शित केला. मरणाच्या दारातला श्रीमंत म्हातारा वारसदारांना मध्यरात्रीपर्यंत विद्रूप मुखवटे घालायला लावतो. ते उतरवले तर खाली चेहरे तसेच झालेले. मूळ मालिकेचे 156 भाग झाले. त्यांतला बाईनं दिग्दर्शित केलेला हा एकमेव.