न्यूग्रेंजचा झरोका

आयर्लंडमधील बॉइन नदीच्या काठी न्यूग्रेंज नावाचे नवाश्मयुगीन थडगे आहे. इ. स. पूर्व ३२०० च्या सुमारास, म्हणजे गीझाच्या पिरॅमिडांच्याही कित्येक शतके आधी, तेथील शेतकरी समाजाने ते उभारले. सुमारे ८५ मीटर व्यासाची टेकडी, तिच्या पायथ्याशी ९७ शिळांचे कडे, आणि आत १९ मीटर लांबीच्या अरुंद बोळाच्या शेवटी एक दालन, अशी त्याची रचना आहे. एकावर एक दगड पुढे सरकवीत रचलेले दालनाचे छत आजही गळत नाही.

इ. स. १६९९ मध्ये जमीनमालकाचे मजूर येथून दगड काढीत असता बोळाचे मुख उघडे पडले. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आतल्या शिळांवर आपली नावे कोरली. १८८२ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याने या वास्तूला आधार दिला. १९९३ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून मान्य केला.

परंतु कायद्याने जे राखले नव्हते, ते लोकांनी राखले होते. उगवता सूर्य कधीतरी दालनातील तिहेरी वलयाच्या शिळेपर्यंत पोहोचतो, असे त्या पंचक्रोशीत सांगत असत. पाहिलेला मात्र कोणी भेटत नसे. १९६२ ते १९७५ या काळात तेथे उत्खनन करणारे प्रा. मायकेल ओ'केली यांनी ही वार्ता हसण्यावारी नेली नाही. दारावर एक झरोका सापडला होता. त्याचे प्रयोजन उलगडत नव्हते. २१ डिसेंबर १९६७ रोजी, वर्षातील सर्वांत लहान दिवसांपैकी एका पहाटे, ते एकटेच दालनात जाऊन बसले. सूर्य उगवला आणि झरोक्यातून आलेला किरण बोळ ओलांडून त्यांच्यापर्यंत आला. सुमारे १७ मिनिटे दालन उजळते. मग पुन्हा अंधार. आता त्या पहाटेच्या प्रवेशासाठी सोडत काढावी लागते.

दालनात किमान पाच व्यक्तींचे अवशेष मिळाले. ज्या लोकांनी मृतांसाठी झरोका ठेवला, त्यांना लिपी ठाऊक नव्हती. त्यांच्यावर आपली श्रद्धा लादण्याचा अधिकार आम्हांस नाही. तरीही पुनरुत्थानाच्या पहाटेची वाट पाहणाऱ्या आपणांस हा किरण परका वाटू नये. आणि आपल्या घरातील वृद्ध एखादी जुनी गोष्ट सांगू लागले, तर ती शेवटपर्यंत ऐकावी, एवढीच आमची विनंती.