पहिली गोळी कोणती होती?

2006 साली मी एका जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार देणाऱ्या केंद्रात, औषधनिर्माण अधिकारी म्हणून रुजू झाले. दर महिन्याला माणसं बाटलीत उरलेल्या गोळ्या घेऊन यायची. त्या मोजायच्या आणि मग नवी बाटली द्यायची, हे माझं काम. शेजारी वजनकाटा. वजन 60 किलोच्या वर असेल तर स्टॅव्हुडीन 40 मिलिग्रॅमची गोळी, खाली असेल तर 30 ची. आमच्याकडे 40 ची बाटली क्वचितच निघायची.

त्या गोळीला आम्ही ‘एसएलएन’ म्हणायचो. स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन, नेव्हिरॅपीन, तिन्ही एकाच गोळीत. 1 एप्रिल 2004 पासून सरकारने मोफत उपचार सुरू केले, ते प्रामुख्याने याच गोळीवर. उचलून आणलेली माणसं चार महिन्यांत एसटीने एकटी यायला लागायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढचं लिहिताना ते उपकार मी विसरलेले नाही.

स्टॅव्हुडीन मूळचं अमेरिकेतलं. 1960 च्या दशकात जेरोम हॉरविट्झ यांनी ते कॅन्सरवर इलाज शोधताना बनवलं, तिथे ते लागू पडलं नाही. पुढे येल विद्यापीठात विल्यम प्रुसॉफ आणि ताय-शुन लिन यांना त्याचा एचआयव्हीवरचा गुण दिसला. 1994 मध्ये मान्यता मिळाली. तिन्ही औषधं मिळून वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च यायचा. 2001 मध्ये सिप्लाने ती 350 डॉलरला द्यायची तयारी दाखवली. गरीब देशांत स्टॅव्हुडीन पोचलं ते स्वस्त होतं म्हणून.

वर्ष-दीड वर्षात खिडकीवर एकच बोलणं वाढलं. “मॅडम, तळव्यांची आग होते.” “रात्री पाय गार फरशीवर टेकवून बसते.” मग गाल बसायचे, दंडावर-पिंडऱ्यांवर शिरा उठून दिसायच्या. एक पस्तिशीची बाई पदर तोंडावर धरून म्हणाली, “रोग घरात लपवला होता, आता थोबाड कुठं लपवू?” तिच्या गावात बसलेले गाल म्हणजे काय, हे लोकांना कळायला लागलं होतं.

शाळेत आपण तंतुकणिका शिकतो, पेशीतली ऊर्जा बनवणारी. तिचा स्वतःचा डीएनए असतो आणि त्याची नक्कल करणारं विकर वेगळं, पॉलिमरेज गामा. स्टॅव्हुडीन म्हणजे विषाणूला फसवायला केलेली डीएनएची खोटी कडी; ती या विकरालाही खरी वाटते. नक्कल अर्ध्यावर तुटते, तंतुकणिका दुबळ्या होतात. तळव्यापर्यंत जाणारी मज्जातंतूंची लांब तार आधी जळते, गालांतली चरबी झडते, आणि कुणाच्या रक्तात लॅक्टिक आम्ल इतकं साचतं की जीव जातो.

मला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. दुसरं औषध होतं, झिडोव्हुडीन. त्याचेही तंतुकणिकांना चटके बसतात, पण गाल आणि पाय त्यात बरेच वाचायचे. मात्र त्याने रक्त कमी होतं, म्हणून हिमोग्लोबिन 8 च्या खाली असेल तर ते देता येत नसे. आणि 8 च्या खाली कोण? ऊसतोडीला जाणारी, सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई. तिच्या वाट्याला पुन्हा स्टॅव्हुडीन. नियम वैद्यकाच्या हिशेबाने बरोबर होता. तरी तिच्या कार्डावर ‘एसएलएन’ लिहिताना माझा हात जड व्हायचा.

2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांनाच स्टॅव्हुडीनचा 30 चा डोस सांगितला, नोव्हेंबर 2009 मध्ये हे औषध हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं. आमच्या कपाटातून ती बाटली जायला आणखी काही वर्षं लागली.

औषध गेलं म्हणून गोष्ट मिटली नाही. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी जुनी औषधं घेतलेल्यांचे स्नायू तपासले. औषध सुटून वर्षं झाली, तरी तंतुकणिकांच्या डीएनएतले बिघाड बऱ्याच मोठ्या वयाच्या निरोगी माणसात दिसावेत तसे होते. मोजक्या नकला उरल्या असताना त्यांतली एखादी बिघडलेली मागाहून पेशीभर पसरते, असा त्यांचा निष्कर्ष. विषाणू स्वतःही शरीर धुमसत ठेवतो, त्यामुळे सगळा दोष गोळीचा नाही.

ती पदरवाली बाई आता पन्नाशी ओलांडून गेली. टीएलडी या आताच्या औषधाची रोज एकच गोळी घेते, विषाणू रिपोर्टात दिसत नाही. पण जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबते. मागच्या खेपेला तिची उपचारांच्या नोंदींची जुनी हिरवी पुस्तिका फाटली म्हणून नवी मिळाली. तिच्यात पहिल्या औषधाची नोंद नव्हती. मी आतल्या पानावर लिहिलं, ‘2006 ते 2012, स्टॅव्हुडीन’.

“काय लिहिलं मॅडम?”

“पुढच्या डॉक्टरला दाखवा,” मी म्हटलं, “दम लागतो म्हणाल तेव्हा.”