निवटी

निवटी : खाडीच्या चिखलात राहणारा, जेमतेम वीतभर लांबीचा मासा. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत ओहोटी लागली की तिवरांच्या कडेने तो छातीच्या परांवर रेलून सरपटताना दिसतो; चाहूल लागताच टुणकन उडी मारून बिळात गडप होतो.

येथील नेहमीच्या जातीचे शास्त्रीय नाव बोलिओफ्थॅल्मस डुसुमिएरी. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन याने १८३७ मध्ये तिचे वर्णन केले. नावातला डुसुमिए हा नमुने गोळा करत हिंडणारा फ्रेंच दर्यावर्दी व्यापारी.

पाण्याबाहेर मासा तडफडतो, हा नियम निवटीला लागू नाही. कल्ल्यांच्या पोकळीत ती पाणी साठवते आणि ओल्या त्वचेतून व तोंडाच्या अस्तरातून हवेतला ऑक्सिजन घेते. त्वचा सुकली की मात्र संपले, म्हणून मधूनमधून चिखलात लोळणे आलेच. डोळे बेडकासारखे माथ्यावर. ते खोबणीत ओढून भिजवता येतात.

आहार साधा. डोके डावी-उजवीकडे हलवत चिखलावरचा सूक्ष्म शैवालांचा थर ती खरवडून खाते. अंडी बिळातच घातली जातात.

आगरी-कोळी घरांत निवट्यांचे कालवण आवडीने होते. पकडणारे बिळात कोपरापर्यंत हात घालतात.