परसातल्या वाफ्याचा इतिहास

दिवाळी सरली, पाऊस उघडला, पहाटे गारवा पडायला लागला. परसातले दोडक्या-कारल्याचे वेल आता वाळायला आले असतील. ते काढायचे, माती खुरप्याने हलवायची, कुजलेलं शेणखत मिसळायचं आणि वाफे बांधायचे, हे काम सध्या आपल्या सगळ्यांच्याच हातात आहे. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, वाटाणा यांना हीच थंडी मानवते. तर हात कामाला लागलेले असतानाच एक गोष्ट ऐकूया. या वाफ्यातलं बी आपल्यापर्यंत आलं कसं?

मांडवावरच्या वालापासून सुरुवात करू. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती सापडली, आणि तिच्या मातीत जव, मसूर, कुळीथ, वाल यांचे जळून काळे पडलेले दाणे मिळाले. म्हणजे इतकी वर्षं आपल्या मुलखात दर हंगामाला कुणी ना कुणी खाण्याआधी बियाण्याचा वाटा बाजूला काढत आलं. म्हणून आज आपल्या ताटात वालाची उसळ आहे.

मिरचीचं मात्र वेगळं. अरणच्या संत सावता माळींच्या नावाने आपण जो भाजीचा अभंग गातो, त्यात मिरची येते. पण सावतोबा तेराव्या शतकातले. मिरचीचं मूळ अमेरिकेत, आणि ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली ती सोळाव्या शतकात. त्याआधी तिखटाला मिरी आणि पिंपळी होती. पाहुणी आलेली मिरची इतकी घरची झाली, की तिच्यावाचून ना आपला ठेचा होतो, ना भाजीचं गाणं पुरं होतं. बटाटाही तसाच अमेरिकेचा, आणि ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांचा. ‘कोबी’ हा शब्दही त्यांच्याकडूनच आला.

फ्लॉवर तर फार अलीकडचा. १८२२ साली इंग्रजांनी त्याचं बी सहारनपूरच्या सरकारी बागेत आणलं. ते थंड देशातलं बी. आपल्या उन्हात सगळ्याच रोपांना चांगला गड्डा धरेना. मग तिकडच्या माळ्यांनी जी रोपं इथल्या हवेत टिकली, त्यांचंच बी धरलं. असं पिढ्यान् पिढ्या निवडत गेल्यावर उन्हाला सोसणारा देशी फ्लॉवर तयार झाला. त्या माळ्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांचीही नाहीत. पण काम एकच होतं : चांगलं झाड ओळखायचं आणि त्याचं बी राखायचं.

१९६४ साली संकरित ज्वारी आली, पुढे भाज्यांतही हायब्रीड वाणं आली. उत्पन्न वाढलं, ते नाकारून चालणार नाही. पण हायब्रीडचं बी धरून पुन्हा पेरलं, तर झाडं पहिल्यासारखी एकसारखी निघत नाहीत. म्हणून दर साली नवी पुडी. हळूहळू राखेचं गाडगं फडताळातून गेलं, आणि बी ओळखणारी नजरही जायला लागली. यंदा आम्ही गटात म्हटलं, प्रत्येकीने घरचं बी आणा. बहुतेकींनी दुकानातल्या पुड्या आणल्या. एका आजींनी तेवढा राखेत घोळलेला वाल आणला. मूठभर असेल. तो वाल पाहून आम्ही सगळ्याच गप्प झालो.

पण मोडलेलं पुन्हा जोडता येतं. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी वाल-घेवड्याची आणि कितीतरी भाज्यांची गावठी वाणं गोळा केली, घरात बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

आपण एका वाफ्यापासून सुरुवात करू. वाल, मेथी, वाटाणा यांचं गावठी बी घेऊ, कारण ते सहसा आईच्या वळणावरच जातं. सगळ्यात जोमदार, निरोगी झाडाला खूण म्हणून चिंधी बांधायची. त्याची शेंग घरात कितीही पाहुणे आले तरी तोडायची नाही. झाडावरच वाळू द्यायची, मग दाणे काढून, चांगले सुकवून, राखेत घोळून कोरड्या गाडग्यात ठेवायचे. वर नाव आणि साल लिहायचं.

आजींच्या मुठीतला वाल आम्ही पाच घरांत वाटून लावलाय. एका घरी गेला, तरी चार घरी राहील. पुढच्या दिवाळीला प्रत्येकीने एकेक मूठ परत आणायची, असं ठरलंय. तुमच्या गावात असं बी कुणाकडे आहे, ते याच आठवड्यात विचारून ठेवा.