डे पाइपमधल्या पोरांनी अडवलेला रस्ता

नेदरलँड्सचं नाव काढलं की कोणीतरी हमखास म्हणतं, “अहो, ती माणसंच मुळात शिस्तीची. आपल्याकडे नाही जमायचं.” मला या वाक्याचा जाम राग येतो. कारण इतिहास काढून बघितला तर पन्नास वर्षांपूर्वी तिथलीही परिस्थिती आपल्या पेठांसारखीच होती. म्हणून आज आपण जाणार आहोत ॲमस्टरडॅमच्या डे पाइप नावाच्या वस्तीत.

डे पाइप म्हणजे डच भाषेतही पाइपच! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कामगारांसाठी घाईघाईत बांधलेली वस्ती. लांबच लांब अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना चार-चार मजली घरं, अंगण नाही, मैदान नाही. पोरं खेळणार कुठे? रस्त्यावर. आणि बरीच वर्षं ती मजेत खेळलीही, कारण रस्त्यावर गाड्याच नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लोकांच्या हातात पैसा आला, पैशातून मोटारी आल्या आणि त्या याच रस्त्यांवर उभ्या राहिल्या, याच रस्त्यांवरून पळायला लागल्या. रस्ता तेवढाच राहिला. त्यातली पोरांची जागा गेली.

१९६७ साली तर कमालच झाली. डेव्हिड जोकिनेन नावाच्या अमेरिकन वाहतूक तज्ज्ञाने ॲमस्टरडॅमसाठी एक आराखडा मांडला. काय होतं त्यात? डे पाइपच्या उत्तरेला असलेला सिंगलग्राख्ट हा कालवा बुजवायचा, त्यावरून मोठा रुंद हायवे काढायचा आणि आजूबाजूच्या जुन्या कामगार वस्त्यांवर बुलडोझर फिरवायचा. हे वेड लागलेल्या माणसाचं स्वप्न नव्हतं हं. त्या काळात जगभरातल्या शहरांत असंच चाललं होतं, आणि त्याला ‘विकास’ म्हणायचे. हा शब्द ऐकल्यासारखा वाटतोय ना?

हा आराखडा कागदावरच राहिला. गाड्या मात्र कागदावर नव्हत्या. १९७१ या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, आणि त्यात ४०० हून जास्त लहान मुलं होती. देश केवढा, तर लोकसंख्या सव्वा-दीड कोटीच्या मधली. म्हणजे रोज एक तरी मूल शाळेत जाताना, खेळताना, सायकलवरून दुकानात जाताना मरत होतं.

त्यातली एक मुलगी विक लांगेनहोफ या पत्रकाराची होती. सहा वर्षांची. १९७२ मध्ये त्याने ‘डे टाइड’ या वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि शीर्षक दिलं ‘स्टॉप डे किंडरमोर्ट’. मराठीत सांगायचं तर ‘बालहत्या थांबवा’. या शब्दावर मी बराच वेळ थांबलो होतो. आपण ‘अपघात’ म्हणतो. अपघात म्हटलं की कोणाचाच दोष नसतो, नशीब वाईट होतं, विषय संपला. या बापाने ‘हत्या’ म्हटलं, आणि त्याबरोबर पुढचा प्रश्न आलाच: मग केली कोणी? नुसत्या ड्रायव्हरने, की असे रस्ते बांधणाऱ्यांनीसुद्धा?

लेखातून त्याच नावाची चळवळ उभी राहिली. तिची पहिली अध्यक्ष मार्तये फान पुटन, तेव्हा एक तरुण आई होती; पुढे ती युरोपियन संसदेची सदस्य झाली. या लोकांनी अपघातांच्या जागा अडवल्या. भर रस्त्यात टेबलं मांडून सगळ्या गल्लीने जेवणं केली, आणि गंमत म्हणजे पोलिसांनी मदत केली. सायकलवरून थेट पंतप्रधान योप डेन आउल यांच्या घरासमोर जाऊन गाणी म्हटली. पंतप्रधान बाहेर येऊन ऐकत उभे राहिले.

पण माझी आवडती गोष्ट पोरांची आहे. १९७२ मध्येच डच टीव्हीसाठी डे पाइपच्या मुलांवर एक माहितीपट केला गेला. त्यात एक शाळकरी मुलगा आपली वस्ती दाखवतो. मुलं सह्या गोळा करतात, आम्हाला खेळायला रस्ता द्या म्हणतात, आणि शेवटी स्वतःच अडथळे लावून रस्ता बंद करतात. मग येतात मोठी माणसं. ओरडतात, अडथळे उचलून बाजूला करतात, गाडी घुसवतात. ते चेहरे बघा एकदा. शिस्तीची माणसं म्हणे! आपल्या चौकात झेब्रा क्रॉसिंगवर हॉर्न मारणाऱ्या काकांचे सख्खे भाऊ शोभतील.

मग बदललं काय? थोडी परिस्थितीने मदत केली. १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि ४ नोव्हेंबरपासून सरकारला काही रविवार मोटारी बंदच ठेवाव्या लागल्या. मोकळा रस्ता कसा दिसतो, ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. दुसरीकडे डेल्फ्ट शहरात एक वेगळाच प्रयोग चालला होता, ‘वोनएर्फ’. याचा अर्थ साधारण ‘राहतं अंगण’. फुटपाथ आणि रस्ता यातला फरकच काढून टाकायचा. मध्ये झाडं, कुंड्या, बाक, उंचवटे. पार्किंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, म्हणजे गाडीला सरळ पळताच येऊ नये. मुलांना रस्त्याच्या पूर्ण रुंदीवर खेळायचा हक्क, आणि गाडीने माणसाच्या चालीने जायचं. १९७६ मध्ये याला कायद्याची मान्यता मिळाली.

इथे मला महत्त्वाचं हे वाटतं की त्यांनी ‘सावकाश जा’ अशी पाटी लावून हात झटकले नाहीत. सावकाशच जाता येईल असा रस्ता बांधला. याच्यामागे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे: वेग ३० वरून ५० झाला की धडकेची ऊर्जा जवळजवळ पावणेतीनपट होते. ब्रेक लागायला अंतर जास्त, ते वेगळंच. पुढे कायदाही तसाच झाला. चौदा वर्षांखालच्या चालणाऱ्या किंवा सायकलवरच्या मुलाला मोटारीने धडक दिली, तर भरपाई जवळजवळ नेहमीच मोटारवाल्याकडून, म्हणजे त्याच्या विम्यातून. ‘पोरगं मध्येच आलं’ हे कारण चालत नाही, कारण पोरं मध्ये येणारच!

२०१० पर्यंत रस्त्यावर मेलेल्या मुलांचा वर्षाचा आकडा ४०० वरून १४ वर आला होता. माणसं तीच, त्यांचीच पुढची पिढी.

आता आपला आकडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. रोज जवळजवळ ९०. आपल्या पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर ‘पादचारी दिन’ करतात. एक दिवस रस्ता माणसांचा, रांगोळ्या वगैरे. मला तो दिवस आवडतो. १२ डिसेंबरला तिथे रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंचं काय, हे मात्र कोणी विचारत नाही.

जाता जाता एक. डे पाइपमध्ये २०१८ साली ६०० गाड्यांचं नवं पार्किंग सुरू झालं, ते वस्तीच्या कडेच्या एका कालव्याच्या पाण्याखाली. त्या बदल्यात वरच्या रस्त्यांवरचं बरंचसं पार्किंग काढून टाकलं. जोकिनेनसाहेब त्याच वस्तीचा कालवा बुजवून हायवे करायला निघाले होते.

पोरांचा तो माहितीपट यूट्यूबवर आहे, इंग्रजी सबटायटल्ससह. बघा, आणि तुमच्या गल्लीत तुम्ही लहानपणी कुठे खेळायचात आणि आता तिथे काय उभं आहे, ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू.