खंडणी कोणी घेतली?

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात ख्रिस्ताच्या प्राणार्पणासाठी मराठी बायबलाने ‘खंडणी’ हा शब्द योजिला आहे. युरोपचे मध्ययुग शिकविताना आम्ही त्याचा उल्लेख केला, तोच एका विद्यार्थ्याने विचारले की खंडणी दिली हे ठीक, पण ती घेतली कोणी? मराठ्यांचा इतिहास वाचलेल्या मुलाला हा प्रश्न सुचावा यात नवल नाही. खंडणी म्हटली की ती वसूल करणारा आलाच.

मूळ ग्रीक शब्द ‘ल्युत्रॉन’. गुलाम किंवा युद्धकैदी सोडविण्यासाठी भरावयाचे मोल असा त्याचा अर्थ. आणि आमच्या विद्यार्थ्याची शंका चौथ्या शतकातील धर्मपंडितांनाही चुकली नव्हती. निस्साच्या ग्रेगरीचे उत्तर असे की, पापामुळे मनुष्य सैतानाचा बंदी झाला, म्हणून मोलही सैतानालाच मिळाले. मात्र मानवदेहाच्या आमिषाखाली देवत्वाचा गळ दडलेला होता व सैतान त्यात अडकला. नाझियान्झसच्या ग्रेगरीला ही कल्पना निंद्य वाटली. लुटारूला देवाचे मोल मिळावे काय? आणि पित्याला दिले म्हणावे, तर त्याने मनुष्याला बंदीत ठेविलेच कोठे होते? दोन्ही उत्तरे नाकारून हा पंडित जवळजवळ मौन धरतो. आम्हांस ते मौन गळाच्या दृष्टान्ताहून अधिक प्रामाणिक वाटते.

इ. स. १०९८ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने सैतानाचा हक्कच काढून टाकला. त्याच्या मते पाप म्हणजे ईश्वराच्या मानाचे हरण. त्याची भरपाई करणे मनुष्याचे कर्तव्य, पण शक्ती ईश्वराचीच; म्हणून जो देवही आहे आणि मनुष्यही, त्यानेच ती करावी. सरदार आणि आश्रित यांच्या त्या जगात हा युक्तिवाद सहज पटणारा होता. येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा. अन्सेल्म ‘भरपाई किंवा शिक्षा’ असे दोन मार्ग सांगतो आणि ख्रिस्ताचे मरण पहिल्यात घालतो. निरपराध्याने अपराध्याची शिक्षा भोगली ही मांडणी ठळक झाली ती सोळाव्या शतकात, कायद्याचे शिक्षण घेतलेल्या काल्व्हिनच्या हातून. आपल्याकडील पुष्कळ टीकाकार काल्व्हिनला दिलेला आक्षेप साऱ्या ख्रिस्ती परंपरेच्या माथी मारतात.

निरपराध्याच्या रक्ताने ईश्वर संतुष्ट होईल कसा, हा आक्षेप तर बाराव्या शतकात अबेलार या ख्रिस्ती पंडितानेच घेतला होता. त्याच्या मते त्या मरणाने मनुष्याच्या ठायी प्रेम जागे होते व तेच त्याला सोडविते.

‘प्रायश्चित्त’ या दुसऱ्या शब्दाची अडचण याहून सूक्ष्म आहे. आपल्या धर्मशास्त्रात प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. यहेज्केलाच्या ग्रंथाचा अठरावा अध्यायही बापाचे पाप मुलाच्या माथी येत नाही असेच सांगतो. उलट लेवीयाच्या सोळाव्या अध्यायात लोकांची पापे बोकडावर ठेवून त्याला रानात सोडले जाते. एकाच धर्मग्रंथात दोन्ही वाचावयास मिळतात.

निकायाच्या परंपरेतील मतांगीकारात ख्रिस्त ‘आम्हांकरिता’ क्रुसावर गेला एवढेच आहे; कसे, ते नाही. हे आम्ही विद्यार्थ्याला सांगितले. त्याने वहीत ‘खंडणी’पुढे प्रश्नचिन्ह तसेच ठेवले. आम्हीही ते खोडले नाही.