तणनाशक मातीत विरतं कसं? नायट्रोजनचं कडं फोडणारे जिवाणू

आमोणे (डिचोली) : तणनाशक फवारलं, तण करपलं, पीक घरात आलं. मग ते औषध गेलं कुठे? हा प्रश्न पडतो तो पुढच्या पिकाच्या वेळी. मक्यात किंवा उसात मारलेल्या ॲट्राझिनचा अंश जमिनीत उरला असेल, तर मागून पेरलेली चवळी उगवते, पण पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळतात. बियाणं आणि मजुरी, दोन्ही खर्ची.

ॲट्राझिनच्या गाभ्यात सहा अणूंचं कडं असतं : तीन कार्बन, तीन नायट्रोजन, एकाआड एक. कड्याला बाहेरून एक क्लोरिन आणि नायट्रोजन असलेल्या दोन शेपट्या. म्हणजे एका रेणूत नायट्रोजनचे ५ अणू. युरियाच्या रेणूत फक्त २. ऐवज भरपूर, पण कुलूपबंद.

हे कुलूप उघडणारा एक जिवाणू अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तणनाशक सांडलेल्या जागेच्या मातीत सापडला. १९९५ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. स्युडोमोनास कुळातल्या या जिवाणूला 'एडीपी' म्हणतात. शोधायची युक्ती साधी होती. ॲट्राझिनने दुधाळ केलेल्या थाळीवर जिवाणू वाढवायचे. ज्याच्याभोवती थाळी नितळ झाली, त्याने औषध पचवलं.

हा जिवाणू आधी क्लोरिन काढतो. तिथेच औषधाचा तणनाशक गुण संपतो. मग दोन्ही शेपट्या एकेक करून तोडतो. उरतं सायन्युरिक आम्ल, म्हणजे जलतरण तलावात क्लोरिन टिकावा म्हणून घालतात तेच. त्यानंतर कडं फुटतं आणि शेवटी अमोनिया व कार्बन डायऑक्साइड राहतात. अमोनियातला नायट्रोजन जिवाणू स्वतःसाठी वापरतो. गंमत म्हणजे क्लोरिन काढणारं त्याचं विकर आणि मेलामाइनवर काम करणारं दुसऱ्या एका जिवाणूचं विकर यांत ४७५ पैकी अवघ्या ९ अमिनो आम्लांचा फरक आहे. मेलामाइन म्हणजे २००८ साली चीनमधल्या दूधभेसळीत गाजलेलं तेच. त्याचंही कडं असंच.

आता आपल्या कामाचं. जिवाणू हे औषध खातात ते मुख्यतः नायट्रोजनसाठी. जमिनीत युरियाचा नायट्रोजन आयता मिळत असेल, तर त्यातले बरेच जण या कठीण कामात ढिले पडतात. उलट एकाच शेतात वर्षानुवर्षं ॲट्राझिन मारलं की ते खाणारे वाढतात, औषध लवकर विरतं आणि तण पुन्हा डोकं काढतं. दुकानदाराला बोल लावण्याआधी ही शक्यताही बघावी.

आमोणे परिसरातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत क्लोरिन निघण्याची पायरी जिवाणूंशिवायही होऊ शकते. पण जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं. औषध वरच्या थरातून खाली उतरलं की तिथे जिवाणू कमी, म्हणून ते जास्त काळ टिकतं. विहिरीला धोका असतो तो इथे. भूजलात अंश सापडू लागल्यामुळेच युरोपीय संघाने २००४ साली ॲट्राझिनची मान्यता काढून घेतली. तिथे पिण्याच्या पाण्यात एका तणनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे.

चवळी पेरण्याआधी घरच्या घरी तपासणी होते. एका कुंडीत फवारलेल्या शेतातली माती घ्या, दुसरीत कधीच न फवारलेल्या बांधाकडची. दोन्हींत चवळीचे दहा-दहा दाणे टाका, पाणी सारखं द्या, ऊन सारखं द्या. दोन-तीन आठवड्यांत पहिल्या कुंडीतली पानं कडेने पिवळी पडली आणि दुसरीतली हिरवी राहिली, तर पेरणी थांबवावी.